जीवाणूंच्या पोथीतील सुटी पाने

पाठपरिचय

विद्यार्थी मित्रहो, 'रोगजंतू' हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. अमुक जंतूमुळे अमुक रोग होतो आणि अमुक औषधाने तो जंतू मरतो, एवढे आपण ऐकलेले असते. परंतु एकाच नावाच्या दोन जंतूंपैकी एक निरुपद्रवी आणि दुसरा प्राणघातक असू शकतो. काल ज्या औषधाने एखादा जंतू मरत होता, त्याच औषधाला तो आज जुमानत नाही, असेही घडते. असे का व्हावे? प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा उलगडा केला आहे. त्यासाठी आपण काशीच्या घाटांकडे वळणार आहोत. कारण गंगा-यमुनेच्या पाण्यातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास सव्वाशेहून अधिक वर्षे चालू आहे. पाठात काही शास्त्रीय शब्द येतील. त्यांचा अर्थ त्या त्या ठिकाणी सांगितला आहे.

१. मुन्शी घाटावरील पाणी

वाराणसीला गंगा उत्तरवाहिनी होते. अस्सी घाटापासून वरुणा नदीच्या संगमापर्यंत तिच्या पश्चिम तीरावर चौऱ्यांशीच्या आसपास घाट आहेत. दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे थोडे चालत गेले की अहिल्याबाई घाट लागतो. त्याला लागूनच मुन्शी घाट आणि दरभंगा घाट आहेत. मुन्शी घाट श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाने ओळखला जातो.

मराठी माणसाला हा परिसर परका नाही. अठराव्या शतकात काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचे नाव शेजारच्याच घाटाला आहे. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेले गागाभट्ट काशीचे; त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. संत एकनाथांनी आपली भागवतावरील टीका १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केली. आजही महाराष्ट्रातून येणारा यात्रेकरू इथल्या पायऱ्यांवर स्नान करतो आणि गंगाजलाचा गडू घरी नेऊन देवघरात ठेवतो.

या पायऱ्यांवर एकाच वेळी अनेक कामे चालतात. कोणी अर्घ्य देतो, कोणी कपडे धुतो, कोणी त्याच पाण्याने चूळ भरतो. त्याच नदीत शहराचे सांडपाणीही दीर्घकाळ मिसळत आले आहे. मुन्शी घाटाच्या वरच्या बाजूला, प्रवाहाच्या दिशेने पाहता आधी लागणाऱ्या तुळशी घाटावर, पाणी तपासण्याची एक प्रयोगशाळा आहे. संकटमोचन मंदिराचे महंत आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयातील जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या संकटमोचन फाउंडेशनची ती प्रयोगशाळा होय. रोज श्रद्धेने गंगास्नान करणारा हा माणूस त्याच पाण्याची शास्त्रीय तपासणीही करीत असे. श्रद्धा आणि तपासणी यांत त्यांना विरोध वाटला नाही. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

अशा तपासणीत विष्ठेतून आलेले 'कॉलिफॉर्म' जातीचे जीवाणू मोजले जातात. स्नानाच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे त्यांची संख्या ५०० पर्यंत असणे इष्ट मानले जाते. २,५०० ही कमाल मर्यादा आहे. या मोजणीला मोठे महत्त्व आहे. पाण्यात मैला मिसळला आहे की नाही, आणि किती, हे तिच्यामुळे कळते. मात्र मोजणीतून जीवाणूंची संख्या कळते, त्यांचा स्वभाव कळत नाही. तो जाणून घ्यायचा तर त्यांच्या अंतरंगात डोकवावे लागते.

२. नाव एक, वाण अनेक

ज्वारी म्हटली तरी मालदांडी वेगळी आणि संकरित ज्वारी वेगळी, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तांदूळ म्हटला तरी आंबेमोहोर वेगळा आणि कोलम वेगळा. पिकांच्या या प्रकारांना आपण 'वाण' म्हणतो. जीवाणूंच्या एकाच जातीतही असे वाण असतात. मात्र पिकांच्या वाणांपेक्षा जीवाणूंच्या वाणांमधील अंतर फार मोठे असू शकते.

ई. कोलाय या जीवाणूचे उदाहरण घेऊ. १८८५ मध्ये थिओडोर एश्चेरिश या वैद्याने त्याचा शोध लावला. हा जीवाणू बहुतेक निरोगी माणसांच्या आतड्यात राहतो आणि बहुधा कोणताही त्रास देत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा त्याचा 'के-१२' हा वाण असाच निरुपद्रवी आहे. उलट 'ओ १५७ : एच ७' नावाचा वाण रक्ताची हगवण लावतो आणि लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी करू शकतो. रोगकारक म्हणून हा वाण १९८२ मध्ये अमेरिकेत प्रथम ओळखला गेला.

सजीवाच्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांबलचक रेणू असतो. चार रासायनिक 'अक्षरांच्या' क्रमाने त्यात त्या सजीवाची सारी माहिती लिहिलेली असते. या लिखाणातील एका कामाची सूचना देणारा भाग म्हणजे 'जनुक'. के-१२ चे लिखाण १९९७ मध्ये पूर्ण वाचले गेले. ते सुमारे ४६ लाख अक्षरांचे आहे. २००१ मध्ये ओ १५७ : एच ७ चे लिखाण वाचले गेले, तेव्हा ते सुमारे ५५ लाख अक्षरांचे भरले. दोघांत सामाईक भाग सुमारे ४१ लाख अक्षरांचा होता. के-१२ मध्ये नसलेली १,३८७ जनुके ओ १५७ : एच ७ मध्ये आढळली, के-१२ जवळ असलेली ५२८ जनुके दुसऱ्याकडे नव्हती. पुढच्या वर्षी ई. कोलायच्या तीन वाणांची तुलना झाली. तिन्हींची प्रथिने एकत्र धरली असता त्यांतील केवळ ३९ टक्के तिन्ही वाणांत समान निघाली. कोणत्याही दोन माणसांच्या लिखाणात मात्र हजार अक्षरांमागे साधारण एका अक्षराचा फरक असतो. तेव्हा ई. कोलायचे सारे वाण एकाच माळेचे मणी आहेत, असे म्हणता येत नाही.

२००७ मध्ये वीरभद्र मिश्र आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी एक संशोधन प्रसिद्ध केले. वाराणसी येथील गंगेच्या पाण्यातून त्यांनी ओ १५७ : एच ७ हा वाण वेगळा काढला होता आणि त्यात रोग निर्माण करण्याची क्षमता दिसून आली होती. त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नदीत अंघोळ करणे, कपडे आणि भांडी धुणे, दात घासणे यांचा जलजन्य आजारांशी संबंध आढळला होता. साध्या कॉलिफॉर्म मोजणीत निरुपद्रवी ई. कोलाय आणि हा घातक वाण एकाच आकड्यात मोजले गेले असते.

३. पाठभेद आणि प्रक्षेप

एकाच जातीत एवढा फरक येतो कोठून? हे समजण्यासाठी हस्तलिखित पोथीचा दृष्टांत उपयोगी पडेल. छापखाने येण्यापूर्वी पोथ्या हाताने नकलून काढीत. नक्कल करताना कुठे काना राहून जाई, कुठे एका अक्षराच्या जागी दुसरे पडे. यालाच 'पाठभेद' म्हणतात. कधी कधी मात्र एखादा नकलकार दुसरीकडची किंवा स्वतःची ओवीच मध्ये घालून देई. अशा परक्या मजकुराला 'प्रक्षेप' म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत असे दोष शिरल्याचे पाहून एकनाथांनी १५८४ मध्ये अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे कोणी आपली ओवी या ग्रंथात घालू नये, असेही त्यांनी बजावले.

जीवाणू एकाचे दोन होतात तेव्हा डीएनएची नक्कल होते. त्या वेळी क्वचित एखादे अक्षर चुकते. याला 'उत्परिवर्तन' म्हणतात. हा झाला पाठभेद. तो एकेका अक्षराने होत असल्यामुळे त्यातून मोठा बदल घडायला सहसा बराच काळ लागतो. ओ १५७ : एच ७ मधील १,३८७ जनुकांसारखा फरक केवळ एकेका अक्षराच्या चुकीतून उलगडत नाही. त्यातील बराचसा भाग प्रक्षेपाचा आहे. म्हणजे सबंध पानेच्या पाने बाहेरून आलेली आहेत. प्रक्षिप्त ओवी तिच्या निराळ्या भाषाशैलीवरून ओळखू येते. त्याचप्रमाणे बाहेरून आलेल्या जनुकांतील अक्षरांचे प्रमाणही पुष्कळदा भोवतालच्या लिखाणापेक्षा निराळे असते, आणि त्यावरून शास्त्रज्ञ ती ओळखतात.

आपल्याला जनुके केवळ आईवडिलांकडून मिळतात; शेजाऱ्याकडून मिळत नाहीत. जीवाणूंचे तसे नाही. ते शेजारच्या जीवाणूकडून, कधी कधी तर अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूकडूनही जनुके घेऊ शकतात. जी जनुकीय पाने अशी जागा बदलतात किंवा एका पेशीतून दुसरीत जातात, त्यांना 'चल जनुकीय घटक' म्हणतात. परके डीएनए कापून टाकणारी विकरे पुष्कळ जीवाणूंजवळ असतात. म्हणजे पोथीवर पहारा असतो. पण प्रत्येक परके पान त्याला रोखता येत नाही.

पाठगत प्रश्न : पाठभेद आणि प्रक्षेप यांतील फरक जीवाणूंच्या संदर्भात दोन वाक्यांत सांगा.

४. सुट्या पानांचे प्रकार

पहिला प्रकार उड्या मारणाऱ्या जनुकांचा. त्यांना 'ट्रान्सपोझॉन' म्हणतात. ती डीएनएवरील एका जागेवरून सुटून दुसऱ्या जागी जाऊन बसतात. मक्याच्या कणसातील ठिपकेदार दाण्यांचा अभ्यास करताना बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकी संशोधिकेला १९४० च्या दशकात त्यांचा शोध लागला. त्या काळी पुष्कळांना ही कल्पना पटली नाही. पुढे जीवाणूंतही अशी जनुके सापडली आणि १९८३ मध्ये मॅक्लिंटॉक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा प्रकार 'प्लाझ्मिड'. जीवाणूच्या मुख्य डीएनएपासून अलग असलेले हे बहुधा वर्तुळाकार, छोटे डीएनए. पोथीच्या बासनात वेगळी चोपडी ठेवावी, तसे ते पेशीत असते. जीवाणू एकमेकांना चिकटून या चोपडीची प्रत दुसऱ्याला देऊ शकतात. देणाऱ्याकडची प्रत कमी होत नाही. दोघांकडेही एकेक प्रत राहते. जीवाणूंमध्ये अशी देवाणघेवाण होते, हे जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. या क्रियेला 'संयुग्मन' म्हणतात. प्लाझ्मिड हे नाव लेडरबर्ग यांनीच १९५२ मध्ये दिले.

तिसरा प्रकार जीवाणुभक्षी विषाणूंचा. हे विषाणू माणसावर नव्हे, तर जीवाणूंवर हल्ला करतात. पुष्कळदा ते जीवाणूच्या पेशीत शिरून, तिथे आपली संख्या वाढवून पेशी फोडून टाकतात. परंतु त्यांतील काही विषाणू जीवाणूला लगेच मारत नाहीत. आपले डीएनए त्याच्या डीएनएमध्ये गुंफून ते स्वस्थ बसतात. मग जीवाणूची नक्कल होताना त्यांचीही नक्कल होत राहते. ओ १५७ : एच ७ चे जहाल विष तयार करणारे जनुक अशाच दडून बसलेल्या विषाणूचे आहे.

यांशिवाय मेलेल्या जीवाणूंच्या शरीरातून बाहेर पडलेले डीएनएही काही जीवाणू थेट आत घेतात. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये न्यूमोनियाच्या जीवाणूंवर केलेल्या प्रयोगात मेलेल्या घातक जीवाणूंच्या सहवासाने जिवंत निरुपद्रवी जीवाणू घातक बनले, ते यामुळेच.

५. एकाच विषाणूकुळाची दोन रूपे

गंगेच्या पाण्याशी जीवाणुभक्षी विषाणूंचा जुना संबंध जोडला जातो. एकोणिसाव्या शतकात पटकी, म्हणजे कॉलरा, हा यात्रांबरोबर पसरणारा भयंकर रोग होता. महाराष्ट्रात गावोगाव मरीआईची ठाणी आहेत, त्यांच्यामागे या साथींची भीती होती. त्या काळी आग्रा येथे काम करणारे इंग्रज जीवाणुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात एक निरीक्षण प्रसिद्ध केले. गंगा आणि यमुना यांच्या पाण्यात पटकीचे जीवाणू काही तासांत मरतात. पाणी उकळले तर मात्र हा गुण नाहीसा होतो, असे त्यांना आढळले होते. पुढे १९१५ मध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ मध्ये फेलिक्स द'हेरेल यांनी जीवाणूंचा नाश करणारे अतिसूक्ष्म घटक शोधून काढले. हँकिन यांना दिसला तो अशाच विषाणूंचा परिणाम असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात; सर्वांचे त्यावर एकमत नाही.

या निरीक्षणावरून गंगेचे पाणी आपोआप निर्धोक होते, असा अर्थ काढणे योग्य नाही. जीवाणुभक्षी विषाणू ठरावीक वाणाच्या जीवाणूंनाच मारतात. इतरांना ते स्पर्शही करीत नाहीत. शिवाय त्यांचे दुसरे रूपही आहे.

पटकीचा रोगी जुलाबांनी कोरडा पडतो, तो जीवाणूने आतड्यात सोडलेल्या विषामुळे. हे विष कोलकात्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशांवरील प्रयोगांतून सिद्ध केले. हँकिन यांच्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकॅलानोस यांनी या विषाचे जनुक मुळात पटकीच्या जीवाणूचे नसून त्याच्यात शिरलेल्या एका विषाणूचे असल्याचे दाखवून दिले. म्हणजे जीवाणुभक्षी विषाणूंपैकी काही पटकीच्या जीवाणूचा नाश करतात, तर एकाने त्याला त्याचे हत्यार दिले आहे. ज्या वाणात तो विषाणू शिरलेला नाही, त्याच्या अंगी हे विष नसते. पटकीच्या जीवाणूचे दोनशेहून अधिक गट ज्ञात आहेत. मोठ्या साथी घडवून आणल्या आहेत त्या त्यांतील फक्त दोन गटांनी.

त्या दोहोंपैकी दुसरा गट भारतातच प्रथम प्रकटला. १९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये आणि नंतर कोलकाता व बांगलादेशात पटकीची साथ आली. पूर्वी पटकी होऊन गेलेल्या प्रौढांनाही या वेळी ती होऊ लागली. कारण त्यांच्या शरीराची ओळख होती जुन्या 'ओ १' गटाशी. नव्या 'ओ १३९' गटाने आपल्या बाह्य आवरणाची जनुके बदलली होती. अंगरखा बदलून चोर पहारेकऱ्यासमोरून निघून जावा, तसा हा प्रकार होता. शिवाय या वाणाजवळ आणखी एक परके पान होते. सल्फामेथॉक्साझोल, ट्रायमेथोप्रिम आणि स्ट्रेप्टोमायसिन या औषधांना विरोध करणारी जनुके त्यावर एकत्र होती.

६. औषधाला न जुमानणारी चोपडी

आता या विषयातील सर्वांत गंभीर भागाकडे वळू. जीवाणूंना मारणाऱ्या औषधांना 'प्रतिजैविके' म्हणतात. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी हगवणीच्या जीवाणूंसंबंधी एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. एकाच वेळी अनेक औषधांना विरोध करण्याची शक्ती त्यांना आतड्यातील ई. कोलायकडून मिळू शकत होती. ती शक्ती प्लाझ्मिडच्या चोपडीत लिहिलेली होती. निरुपद्रवी शेजाऱ्याने रोगजंतूला औषधाची ढाल दिली, असा त्याचा अर्थ. म्हणूनच आपल्या आतड्यातील निरुपद्रवी जीवाणूंना उगाच औषधांची सवय लावणे धोक्याचे असते.

भारताच्या संदर्भात 'एनडीएम-१' हे नाव विशेष गाजले. दिल्लीत उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या शरीरातील जीवाणूत सापडलेल्या या जनुकाचे वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. इतर औषधे हरल्यावर वापरायच्या 'कार्बापेनेम' गटातील औषधांना निकामी करणारे विकर हे जनुक तयार करते. त्याच्या नावात नवी दिल्लीचा उल्लेख असल्यामुळे वादही झाला. परंतु नावाचा वाद आणि जनुकाचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी होत. २०१० मध्ये मुंबई आणि चेन्नई येथील संशोधकांनीही आपल्याकडील रुग्णांत हे जनुक आढळल्याचे प्रसिद्ध केले.

हे जनुक रुग्णालयापुरते मर्यादित राहिले नाही. २०११ मध्ये दिल्लीच्या पाण्याची पाहणी प्रसिद्ध झाली. रस्त्याकडेला साचलेल्या व झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये एनडीएम-१ सापडले. ते ज्या जीवाणूंत पूर्वी कधी आढळले नव्हते अशा ११ जातींत आढळले. त्यांत हगवणीचा एक जीवाणू आणि पटकीचा जीवाणू यांचाही समावेश होता. या चोपडीची देवाणघेवाण ३० अंश सेल्सिअस तापमानाला अधिक प्रमाणात होते, असेही दिसले. आपल्याकडे वर्षातील कित्येक महिने एवढे तापमान असते.

२०१४ मध्ये ऋषिकेश-हरिद्वार परिसरातील गंगेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यात्रेच्या हंगामात तेथील पाण्यात एनडीएम-१ चे प्रमाण कित्येक पटींनी वाढत असल्याचे त्यात दिसून आले. याचा दोष यात्रेकरूंच्या श्रद्धेला देता येणार नाही. हजारो माणसे एका ठिकाणी आली, परंतु त्यांच्या मैल्याची विल्हेवाट लावण्याची सोय तेवढी नव्हती, हे त्याचे कारण होय. ज्या पाण्यात अनेक गावांचे जीवाणू आणि औषधांचे अंश एकत्र येतात, त्या पाण्यात जनुकांचा बाजार भरतो. तेथे औषधामुळे दुबळे जीवाणू मरतात आणि ज्यांच्याजवळ ढाल आहे, ते वाढतात.

७. आपल्या हाती काय आहे?

हे सारे वाचून हताश होण्याचे कारण नाही. चल जनुकीय घटक निसर्गात माणसाच्या आधीपासून आहेत आणि ते नाहीसे करता येणार नाहीत. पण त्यांचा बाजार भरू न देणे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.

पहिले काम सांडपाण्याचे. गंगा कृती योजनेचा प्रारंभ १९८६ मध्ये वाराणसीतच झाला. २०१४ पासून 'नमामि गंगे' कार्यक्रम चालू झाला आणि २०१८ मध्ये दीनापूर येथे दररोज १४ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प सुरू झाला. गंगेला जे लागू आहे, तेच गोदावरीला, चंद्रभागेला आणि आपल्या गावच्या ओढ्यालाही लागू आहे. उघड्यावर शौचास न बसणे आणि मैला पाण्यात न जाऊ देणे हे स्वच्छतेचे नियम तर आहेतच, शिवाय जनुकांच्या देवाणघेवाणीला घातलेला तो बांधही आहे.

दुसरे काम पिण्याच्या पाण्याचे. तीर्थ म्हणून घरी आणलेले पाणी देवघरात पूज्य आहे. मात्र ते तान्ह्या मुलाला, आजाऱ्याला किंवा वृद्धाला पाजू नये. पिण्याचे पाणी खळखळ उकळून घ्यावे. वाण कोणताही असो, त्याच्या चोपडीत काहीही लिहिलेले असो, उकळत्या पाण्यात पटकीचा किंवा हगवणीचा जीवाणू तगत नाही.

तिसरे काम औषधांचे. २०१६ पासून औषधाच्या पाकिटावरील उभ्या लाल रेघेविषयी सरकारने जनजागृती सुरू केली. अशी रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. सर्दी-पडशासाठी प्रतिजैविक घेऊ नये. कारण सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविके जीवाणूंनाच मारतात. दुसऱ्याच्या घरातील उरलेली गोळी आपल्याला लागू पडेल असेही मानू नये. ओ १५७ : एच ७ च्या बाबतीत तर काही प्रतिजैविकांमुळे आत दडलेला विषाणू जागा होतो आणि विष अधिक सुटते. म्हणून रक्त पडत असेल तर घरच्या घरी औषध न घेता तत्काळ दवाखाना गाठावा.

जुलाब लागलेल्या रुग्णासाठी मात्र एक उपाय प्रत्येक घरात आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य रुग्ण वाचवले. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजत राहावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हा उपाय जीवाणूला मारत नाही. शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढतो. त्यामुळे कोणत्याही जनुकाला तो निकामी करता येत नाही.

आपण काय शिकलो?

एकाच जातीच्या जीवाणूंच्या वाणांत मोठे जनुकीय फरक असतात. त्यांतील काही उत्परिवर्तनाने, तर पुष्कळसे चल जनुकीय घटकांमुळे घडून येतात. ट्रान्सपोझॉन, प्लाझ्मिड आणि जीवाणुभक्षी विषाणू हे असे प्रमुख घटक होत. विष निर्माण करण्याची आणि औषधाला विरोध करण्याची शक्ती त्यांच्यामार्फत एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाते. सांडपाणी आणि औषधांचा अविचारी वापर या देवाणघेवाणीला पोषक ठरतात.

स्वाध्याय

१. पाण्यातील कॉलिफॉर्म जीवाणूंच्या मोजणीवरून काय कळते आणि काय कळत नाही?

२. के-१२ आणि ओ १५७ : एच ७ या वाणांची तुलना पाठातील आकड्यांच्या आधारे करा.

३. पटकीच्या जीवाणूच्या संदर्भात विषाणूंची दोन रूपे कोणती, ते सकारण लिहा.

४. 'जनुकांचा बाजार' या शब्दप्रयोगाचा पाठातील अर्थ स्पष्ट करा.

५. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील सांडपाणी कोठे जाते, याची माहिती मिळवा आणि त्यावर दहा-बारा ओळी लिहा.